कुंभाराच्या तीनशे वाट्या

एकदा काय झालं ते सांगतो. एकदा म्हणजे फार फार मागे. ज्या राजाच्या काळात हे घडलं त्याचं नाव त्याची पणतवंडंही विसरून गेली आहेत, तेव्हा सालबिल कुणी विचारू नका.

नदीच्या अलीकडे राजधानी होती आणि पलीकडे डोंगर. राजधानीत एक प्रचंड नगारा होता. नगारची रोज सकाळी तो बडवायचा आणि ज्याचं नाव त्याच्या मनात येईल त्याचं नाव पुकारायचा. ज्याचं नाव पुकारलं त्याच्या दारात रांग, आणि ज्याचं राहिलं त्याच्या दारात माश्या.

डोंगरात मात्र छत्तीस वाड्या होत्या आणि त्यांना राजाच नव्हता. राजा नाही म्हणून नगारा नाही, आणि नगारा नाही म्हणून नगारचीही नाही. प्रत्येक वाडीचा आपला पार, आपली माणसं आणि आपले नियम. एका पारावर शिवी दिली तर आठ दिवस झाडलोट करावी लागे. दुसऱ्या पारावर शिवी चाले, पण बढाई चालत नसे.

मग एका वाडीतलं बोलणं दुसऱ्या वाडीत कसं जायचं? ते काम साळुंक्यांचं. संध्याकाळी ज्याला काही सांगायचं असेल तो आपल्या वाडीच्या पारावर उभा राहून सांगे. झाडावरच्या साळुंक्या ते ऐकत आणि उडत. उडून जायच्या कुठे, तर जिथे द्रोण असेल तिथे. एखाद्याचं बोलणं तुम्हाला आवडलं, मग तो कुठल्याही वाडीचा असो, की आपल्या कुडावर गेरूने त्याची खूण काढायची, खाली पळसाच्या पानाचा द्रोण टांगायचा आणि त्यात चिमूटभर नाचणी ठेवायची. साळुंकी येई, दाणे टिपी आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगे.

पळसाचंच पान ते. आठ दिवसांत वाळायचं आणि वाऱ्यावर उडून जायचं. ज्याला अजून ऐकायचं असेल तो नवा द्रोण टांगी, ज्याला कंटाळा आला तो टांगत नसे. भांडण नाही, तंटा नाही. थोडा रुसवाफुगवा असायचा, पण तेवढा तर घरातल्या घरातही असतो.

या डोंगरात एके दिवशी हैबती कुंभार आला. सोबत बायको सगुणा आणि चाक लादलेलं एक गाढव. राजधानीत दहा वर्षं नगारची त्याचे माठ पुकारत होता. मग एका सकाळी त्याने दुसऱ्याच कुणाचे माठ पुकारले. हैबतीची रांग त्याच दिवशी आटली. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. हैबतीने हात जोडले, पाय धरले, शेवटी वैतागून नदी ओलांडली.

वाडीने त्याला राहायला पानांची एक खोप दिली आणि चार भिंती बांधायला जागा दिली. वाडीत वयाने सगळ्यात मोठा होता यमाजी, पोळ्यांतला मध काढणारा. त्याने तिथला रिवाज सांगितला.

"भिंती तुझ्या तू बांध. छप्पर मात्र स्वतः घालायचं नाही. वर्ष सरलं की तू निरोप धाडायचा. दहा वाड्यांतून माणसं एकेक गवताची पेंढी घेऊन आली, तर घर शाकारून द्यायचं आणि तू आमचा झालास. नाही आली, तर जेवून-खाऊन राम राम करायचा."

"आणि नुसत्या याच वाडीच्या पेंढ्या आल्या तर?" सगुणेने विचारलं.

"आमचं गवत तुम्हाला फुकट आहे. पण डोंगरात कडा कोसळतो, वाट वाहून जाते. दहा ठिकाणी ओळखणारं माणूस नसेल तर इथे निभाव लागत नाही बाई."

हैबती हसला. अख्खी राजधानी ज्याला ओळखत होती त्याला दहा वाड्यांची काय मातब्बरी. त्याच संध्याकाळी तो पारावर चढला आणि नगारचीच्या थाटात ओरडला, "ऐका हो ऐका. हैबतीचे माठ, पाणी गारेगार. हैबतीचे माठ घ्या."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी वाडीतली माणसं त्याची वेळ झाली की गुरं बांधायला उठू लागली. महिन्याभरात छत्तीस वाड्यांत मिळून त्याच्या नावाचे दोन द्रोण लागले, आणि त्यातला एक आठव्या दिवशी गळाला.

यमाजी त्याच्याजवळ येऊन बसला. यमाजी स्वतः फार बोलत नसे. पारावर उभा राहिला तरी बहुतेक दुसऱ्यांचंच सांगे, की पलीकडे अमक्याच्या शेतात उंदीर फार झालेत, कुणाला उपाय माहीत आहे का. तरी त्याचे द्रोण कितीतरी घरांत होते.

"हैबती, तुझ्या कुडावर एकही द्रोण दिसत नाही," तो म्हणाला.

"मी बोलायला आलोय बाबा. ऐकत बसलो तर चाक कोण फिरवणार?"

"बरं," म्हणून यमाजी मधाची कावड उचलून चालू लागला. सांगून ज्याला पटत नाही त्याच्यापाशी तो वेळ घालवत नसे.

हैबतीच्या डोक्यात आता वेगळंच चाक फिरत होतं. द्रोण गळतो, कारण तो पानाचा. आणि आपण कोण? कुंभार. मग पान हवंच कशाला? त्याने भट्टी लावली आणि खोल पोटाच्या, अरुंद तोंडाच्या वाट्या भाजून काढल्या. एकेका वाटीत महिनाभर पुरेल इतकी नाचणी मावे. खूणही त्याने मातीतच उमटवली, म्हणजे गेरूची कटकट नको.

गाढवावर वाट्या आणि नाचणीची पोती लादून तो वाडी-वाडीने हिंडला. "ही वाटी कुडावर बसवा. दाणे माझे. वर एक मडकं फुकट."

फुकटचं मडकं कोण सोडतो? तुम्हीही सोडलं नसतं आणि मीही नाही. चार महिन्यांत तीनशे वाट्या लागल्या. फक्त वरच्या वाडीने त्याला वेशीवरच थांबवलं. तिथे नियम होता की विक्रीचं बोलणं फक्त बाजाराच्या दिवशी. हैबतीने तिथेही भरदुपारी आरोळी ठोकली, तेव्हा त्यांनी त्याला तर घालवलंच, त्याचं बोलणं नेणारी साळुंकीही वेशीवरून हाकलली. "एक वाडी गेली तर गेली," हैबती म्हणाला.

त्याचा रुबाब आता बघण्यासारखा होता. छत्तीस वाड्यांत कुणाचेच तीनशे द्रोण नव्हते. माणसं लांबून त्याला बघायला येत आणि विचारत, की हे जमवलं कसं. हैबती मिशीला पीळ देत सांगे, "चिकाटी." नाचणीच्या पोत्यांबद्दल तो काही बोलत नसे. त्याची साळुंकी इतकी गुबगुबीत झाली होती की तिला उडण्याआधी थोडं पळावं लागे.

"तीनशे वाट्या झाल्या," सगुणा एकदा म्हणाली, "पण माठाचं विचारायला कुणी आलं का?"

"येतील. बी पेरलं की लगेच कणीस येतं का?"

सगुणेने आपल्या बाजूच्या कुडावर तीन-चार पानांचे द्रोण टांगले होते. दूरच्या वाडीतली एक गवळण विचारत होती, की नव्या मडक्यातल्या दुधाला मातीचा वास येतो, काय करू. सगुणेने पारावर उभं राहून सांगितलं, की मडकं आधी तांदळाच्या पेजेत एक दिवस भिजव, मग उन्हात वाळव. गवळणीने तिच्या नावाचा द्रोण लावला. हैबतीने तो मोजलाही नाही.

वर्ष सरलं. भिंती उभ्या होत्या, वर आभाळ मोकळं होतं. हैबतीने साळुंकीला निरोप दिला, "उद्या हैबतीचं घर शाकारायचं आहे. पेंढी घेऊन या." मग त्याने तीनशे माणसांचा स्वयंपाक मांडला. आमटीची पाच मोठाली मडकी चुलीवर चढली आणि वाडीतल्या बायका पहाटेपासून भाकऱ्या थापत बसल्या.

सकाळी वाटेवर कुणी दिसलं नाही. हैबती म्हणाला, लांबचा पल्ला आहे. दुपारी एक माणूस दिसला. हैबती धावत सामोरा गेला. त्या माणसाच्या हातात पेंढी नव्हती, मडकं होतं. "हे फुकटचं दिलेलं गळतंय," तो म्हणाला, "बदलून मिळेल का?"

त्यानंतर एक शेळी आली, पण ती वाट चुकून.

ऊन उतरताना एक बाई आली. डोक्यावर गवताची पेंढी होती. हैबतीचा चेहरा उजळला. तिने पेंढी खाली ठेवली आणि विचारलं, "सगुणाबाई कुठे राहतात? मी ती दुधाची गवळण."

सूर्य मावळला तेव्हा अंगणात एक पेंढी होती आणि पाच मडकी आमटी. हैबतीला इतकी लाज वाटली की त्याला कुणाकडे मान वर करून बघवेना. आमटी वाडीने तीन दिवस खाल्ली, आणि वाडीतल्या कुणीच त्याला एका शब्दानेही टोमणा मारला नाही. त्याला तेच जास्त लागलं.

त्याने साळुंकीला गाठलं. "तू निरोप पोचवलास का?"

"पोचवला की. तीनशे घरी पोचवला," साळुंकी म्हणाली. "निम्म्या घरांत कुणी नव्हतं. माणसं शेतावर, वाटी कुडावर. चाळीस घरांत कोंबड्यांनी ऐकलं. एका घरात वासरू होतं, त्याने मान डोलावली. पण ते सगळ्यालाच मान डोलावतं."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हणाले, आली वाटतं परत."

"पण माझी वाटी होती ना त्यांच्या घरी?"

"वाटी तुझी, दाणे तुझे, खूण तुझी. त्या घराचं त्यात काय होतं? द्रोण लावणारा स्वतःच्या मुठीतली नाचणी ठेवतो आणि मी येईपर्यंत तिथेच घुटमळतो. तुझ्या वाटीपाशी कुणी थांबायचंच कशाला?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? आणि खरं सांगू, नाचणी चांगली होती."

रिवाजाप्रमाणे हैबतीने जायला हवं होतं. तो गाढवावर चाक लादायलाही लागला. परत जाऊन नगारचीचे पाय धरायचे, दुसरं काय. पण सगुणा उंबऱ्यावरून हलली नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मला इथे एक बाई ओळखते."

यमाजीने वाडीला विचारलं, की जिथे एक पेंढी आली तिथे उरलेल्या नऊ वाड्यांसाठी थोडी वाट बघायला काय हरकत आहे. वाडीने पाऊस लागेपर्यंत मुदत दिली. तीन महिने. हैबतीने गाढवावरचं चाक उतरवलं.

सगळ्यात आधी त्याने ठरवलं, की आपल्या वाट्या आपण काढून आणायच्या. पुन्हा तो वाडी-वाडीने हिंडला. पण वाटी काढायची तर घरात जावं लागतं, आणि घरात गेलं की डोंगरातली माणसं पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि पाणी प्यायचं तर बसावं लागतं. हैबती वर्षभरात पहिल्यांदाच कुणाच्या घरी बसला. कुणी त्याच्या वाटीत मीठ ठेवलं होतं, कुणी तिच्यातून पिलांना पाणी पाजत होतं. त्याला हसू आलं. आणि बसल्या बसल्या त्याला ऐकू येऊ लागलं. तुमची मडकी गळतात हो. आमच्या विहिरीची दोरी टिकत नाही. आमच्याकडे ओव्या म्हणणारी म्हातारी आहे, तिचं ऐकलंत का?

घरी येऊन त्याने आपल्या कुडावर पानांचे सतरा द्रोण टांगले. सतरा खुणा, सतरा माणसं. आता संध्याकाळी साळुंक्या त्याच्याकडे येऊ लागल्या आणि तो चाक थांबवून ऐकू लागला.

पुष्कळ दिवसांनी तो पारावर चढला तेव्हा वाडीतली माणसं सवयीने गुरांकडे निघाली. हैबती म्हणाला, "मातीचं ऐका." डोंगरात अशीच पद्धत होती, की काय विषय आहे ते आधी सांगायचं, म्हणजे ज्याला त्यात गोडी असेल तो थांबे. यमाजीने त्याला ती शिकवली होती. मग तो म्हणाला, "माझी मडकी गळतात. मी नदीच्या मातीच्या हिशेबाने वाळू घातली, आणि ही माती डोंगराची. चूक माझी आहे. नवी घडवतो, तोवर ज्यांच्याकडे गळकं मडकं आहे त्यांनी ते पेजेत भिजवून ठेवा, पेजेने बारीक छिद्रं बुजतात. ही युक्ती माझी नव्हे, सगुणेची."

कुणीतरी हसलं. पण चांगलं हसलं. त्या आठवड्यात चार वाड्यांत चार द्रोण लागले.

मग रोज तो थोडं आपलं आणि जास्त दुसऱ्यांचं सांगू लागला. ओव्यांची म्हातारी कुठल्या वाडीत राहते ते त्याने सांगितलं, विहिरीच्या दोरीचं विचारलं. वरच्या वाडीतल्या चिमाबाईच्या नावाचाही द्रोण त्याने टांगला होता. ती घोंगड्या विणायची, आणि तिचा तांबडा रंग एका धुण्यात उतरायचा. कुणी उपाय सांगेल का, असं ती विचारत होती. हैबतीने आपल्या पारावरून ते सांगितलं, "रंगाचं ऐका." कुठूनच उपाय आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. त्यात त्याचा काही फायदा नव्हता. वरच्या वाडीत तर त्याच्या साळुंकीला अजूनही मज्जाव होता. पण एका बाईचं वर्षाचं काम धुण्यात वाहून जातंय, हे त्याला आता बघवत नव्हतं.

असे अडीच महिने गेले. द्रोण एकोणीस झाले, मग दोन गळाले. हैबतीचं तोंड उतरलं. यमाजी म्हणाला, "पान आहे, गळणारच. झाड मोजत बसलं तर पालवी कधी फुटणार?" हैबतीने ते मनावर घेतलं. निदान दिवसातून एकदाच मोजायचं, असं ठरवलं.

पाऊस तोंडावर आला. हैबतीने पुन्हा निरोप धाडला, या वेळी एवढाच: "माझं घर अजून उघडं आहे. उद्या जमलं तर या." सगुणेने दोन मडकी आमटी केली.

दिवस उजाडताच गवळण आली, मग ओव्यांची म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. विहिरीच्या दोरीचं गाऱ्हाणं सांगणारा आला, आणि गळकं मडकं बदलायला आलेला तो माणूसही आला, या वेळी पेंढी घेऊन. दुपारपर्यंत अंगणात पेंढ्यांचा ढीग झाला. माणसं होती वीसएक, पण यमाजी वाड्या मोजत होता, आणि वाड्या भरत होत्या नऊ.

ऊन कलू लागलं. माणसांनी भाकरी खाल्ली, पण वाटेकडे बघत. सगुणा भिंतीला टेकून उभी होती. वर ढग जमत होते. हैबती म्हणाला, "नऊ तर नऊ. तुम्ही आलात, मला तेवढं पुरे आहे." आणि त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

तेवढ्यात चढणीवरून धापा टाकत एक ठेंगणी बाई आली. पाठीवर पेंढी, आणि खांद्यावर तांबडीलाल घोंगडी.

"हैबती कुंभार कोण?" तिने विचारलं.

"मीच. तुम्ही?"

"मी चिमाबाई, वरच्या वाडीची. तुमचा द्रोण काही आमच्याकडे लागत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण तीन दिवस तुम्ही माझा प्रश्न सांगत होतात. खालच्या वाडीतल्या एका रंगाऱ्याने तो ऐकला आणि चालत माझ्या घरी आला. लोकर आधी हिरड्याच्या काढ्यात भिजव म्हणाला." तिने घोंगडीचं टोक पुढे केलं. "पाच वेळा धुतलीय. बघा. त्यानेच काल मला कळवलं, की ज्याने तुझं सांगितलं त्याच्या घराला छप्पर नाही."

हैबतीने घोंगडीला नुसता हात लावला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"दहा," यमाजी म्हणाला. "आता उभे काय राहिलात? ढग बघा."

माणसं भिंतींवर चढली. पेंढ्या खालून वर जाऊ लागल्या, म्हातारीने ओवी धरली, आणि पहिला थेंब पडला तेव्हा चिमाबाईची पेंढी आढ्यावर बांधून झाली होती. सगळे आत शिरले, दाटीवाटीने बसले, आणि डोक्यावर पाऊस वाजू लागला. आत एक थेंबही आला नाही.

तर मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, एवढं ध्यानात ठेवा: वाट्या मांडून कान मिळत नाहीत, आपण कान दिले की कान मिळतात.